१७२ ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता अंतर्गत नसतो: ऑटोमेशनमध्ये आयपी पत्त्याचे नेटवर्क कसे तपासावे

अनेक सर्व्हरांवर एकाच वेळी बदल करणाऱ्या ऑटोमेशनला प्रत्यक्ष कामाला हात घालण्यापूर्वी वरकरणी अगदी किरकोळ वाटणारा एक प्रश्न सोडवावा लागतो: समोर आलेला आयपी पत्ता दिलेल्या नेटवर्कांपैकी एखाद्यात मोडतो का? यंत्राने वेळ कोणत्या टाइम सर्व्हरकडून घ्यावी, त्यावर फायरवॉलचे कोणते नियम बसवावेत, बाहेरून आलेली विनंती स्वीकारावी की नाकारावी, हे सारे त्या उत्तरावर ठरते. हेच काम माणूस एकेका यंत्रावर करत असेल तर चूक एका यंत्रापुरती राहते आणि बहुधा दुसऱ्या यंत्रापर्यंत जाण्याआधीच लक्षात येते. ऑटोमेशनमध्ये तीच चूक काही मिनिटांत सगळीकडे पोहोचते, आणि तीही कोणतीही त्रुटी न दाखवता. या लेखात उदाहरणासाठी अ‍ॅन्सिबल हे अनेक यंत्रांवर एकाच वेळी कामे करून घेणारे साधन आणि त्यामागची पायथन भाषा घेतली आहे, मात्र यातील बहुतेक मुद्दे कोणत्याही साधनाला लागू पडतात.

नवशिक्या माणसाला सुचणारा पहिला उपाय म्हणजे पत्त्याचा मजकूर पाहणे. पत्ता '१७२.' ने सुरू होत असेल तर तो आपल्या अंतर्गत नेटवर्कमधला, असा नियम कित्येक जुन्या स्क्रिप्टांमध्ये आजही आढळतो. काही ठिकाणी एक मजकूर दुसऱ्या मजकुरात सापडतो का, एवढेच पाहिलेले असते. त्या पद्धतीने १०.१.२.३ हा पत्ता १०.१.२.३४ मध्येही सापडतो आणि ११०.१.२.३ मध्येही, कारण मजकूर शोधणाऱ्या क्रियेला ठिपक्यांचा अर्थ माहीत नसतो. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना ओळखणारे सूत्र) वापरून हे दोष झाकता येतात, पण ते एक्स्प्रेशन लवकरच इतके लांब होते की लिहिणाऱ्यालाच महिन्याभराने ते वाचता येत नाही. शिवाय मूळ अडचण तशीच राहते, कारण पत्ता हा मुळात मजकूर नसून संख्या आहे.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता म्हणजे ३२ बिटांची एक संख्या. त्या संख्येचे आठ-आठ बिटांचे चार तुकडे पाडून, प्रत्येक तुकडा दशमान पद्धतीत लिहून, मध्ये ठिपके देण्याची पद्धत माणसाच्या सोयीसाठी आहे. १७२.२०.५.९ हा पत्ता यंत्राच्या दृष्टीने २,८८,६९,९३,१६१ ही एकच संख्या असते. नेटवर्क म्हणजे अशा सलग संख्यांचा एक पट्टा. १७२.१६.०.०/१२ असे लिहिले की त्याचा अर्थ असा होतो की पहिले १२ बिट ठरलेले आहेत आणि उरलेल्या २० बिटांत काहीही असू शकते. म्हणजे पट्ट्यात १०,४८,५७६ पत्ते येतात. तो २,८८,६७,२९,७२८ पासून सुरू होतो आणि २,८८,७७,७८,३०३ ला संपतो. आपली वरची संख्या या दोहोंच्या मध्ये पडते, म्हणून तो पत्ता या नेटवर्कमधला आहे. तपासणीचे सगळे गणित एवढेच आहे.

गोंधळ होतो तो तिरप्या रेघेनंतरच्या आकड्यामुळे. पिनकोडमध्ये पहिले तीन अंक पाहून टपाल कोणत्या जिल्ह्याकडे जाणार हे सांगता येते, कारण तिथे सीमा नेहमी अंकांवरच पडते. आयपी पत्त्यात सीमा बिटांवर पडते, आणि ती ठिपक्याशी जुळेलच असे नाही. /८, /१६ आणि /२४ या तीन ठिकाणी ती योगायोगाने ठिपक्याशी जुळते, आणि रोजच्या कामात हेच तीन आकडे सर्वाधिक दिसत असल्यामुळे सीमा नेहमी तिथेच असते असा समज होतो. /१२ मध्ये ती दुसऱ्या तुकड्याच्या बरोबर मधोमध पडते. दुसऱ्या तुकड्यातील १६ ही संख्या द्विमान पद्धतीत ०००१०००० अशी लिहिली जाते आणि त्यातले पहिले चार बिटच नेटवर्कचे असतात. २० म्हणजे ०००१०१००, ३१ म्हणजे ०००१११११. या दोन्हींचे पहिले चार बिट ०००१ हेच आहेत. ३२ म्हणजे ००१०००००. तिथे तिसराच बिट बदलला आणि पत्ता नेटवर्कच्या बाहेर गेला. त्यामुळे १७२.३१.२५५.२५५ आत आहे आणि त्याच्या लगेच पुढचा १७२.३२.०.० बाहेर आहे.

हा विचित्र वाटणारा /१२ कुठून आला, हेही थोडक्यात पाहण्यासारखे आहे. १९९३ पूर्वी नेटवर्कांचे अ, ब आणि क असे ठरावीक वर्ग होते आणि सीमा खरोखरच ठिपक्यांवर पडत असे. क वर्गात जेमतेम अडीचशे पत्ते आणि ब वर्गात पासष्ट हजारांवर, अशी मापे असल्याने मधल्या आकाराच्या संस्थांना एकतर फार कमी किंवा फार जास्त पत्ते मिळत, आणि दुसरीकडे राउटरांमधले तक्तेही वेगाने फुगत चालले होते. त्यावर्षी वर्ग मोडीत काढून सीमा कोणत्याही बिटावर ठेवण्याची पद्धत आली. तिलाच सायडर (CIDR) म्हणतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये इंटरनेटच्या कार्यपद्धती मांडणाऱ्या आरएफसी मालिकेतील १९१८ क्रमांकाच्या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. त्यातला मधला पट्टा जुन्या हिशेबाने ब वर्गाची सलग १६ नेटवर्के आहे, आणि १६ नेटवर्कांना चार बिट लागतात म्हणून १६ मधून चार वजा होऊन १२ उरतात.

'१७२.' एवढेच पाहणाऱ्या नियमाची किंमत आता स्पष्ट होते. १७२.२१७.०.०/१६ हा पट्टा गूगलच्या ताब्यात आहे आणि १७२.६४.०.०/१३ हा क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक पट्ट्यांपैकी एक आहे. क्लाउडफ्लेअरची सेवा हजारो संकेतस्थळांच्या पुढे उभी असते. तिथून येणाऱ्या विनंतीला अंतर्गत समजून परवानगी देणे म्हणजे दाराला कुलूप न लावता फक्त कडी घालण्यासारखेही नाही. दारच नसण्यासारखे आहे.

अ‍ॅन्सिबलमध्ये यासाठी स्वतः गणित करण्याची गरज नाही. अ‍ॅन्सिबल-यूटिल्स या संग्रहात 'इन-नेटवर्क' नावाची चाचणी आहे, जी एक पत्ता आणि एक नेटवर्क घेऊन हो किंवा नाही असे उत्तर देते, आणि 'इन-एनी-नेटवर्क' ही चाचणी नेटवर्कांची यादी घेऊन त्यांपैकी कोणत्याही एकात पत्ता बसतो का ते सांगते. याच संग्रहात जुन्या वळणाचा 'आयपी-अ‍ॅडर' हा फिल्टरही, म्हणजे एक मूल्य घेऊन त्यावरून दुसरे मूल्य देणारी सोयही, आहे. त्याला नेटवर्क दिले तर पत्ता आत असल्यास तो पत्ताच परत देतो आणि बाहेर असल्यास 'असत्य' देतो. अनेक जुन्या प्लेबुकांमध्ये, म्हणजे कामांच्या सूचना लिहिलेल्या फायलींमध्ये, हा फिल्टर थेट अट म्हणून लिहिलेला दिसतो, आणि पूर्वी ते चालतही असे, कारण रिकामा नसलेला मजकूर 'सत्य' मानला जाई. अ‍ॅन्सिबल-कोरच्या २.१९ या आवृत्तीपासून अटीचे उत्तर काटेकोरपणे सत्य किंवा असत्य असावे लागते आणि मजकूर आला तर प्लेबुक त्रुटी देऊन थांबते. माझ्या मते हा बदल योग्यच आहे. ज्यांना तो त्रासदायक वाटतो, त्यांनी फिल्टरच्या जागी चाचणी लिहावी. वाचायलाही ती सोपी जाते.

याच संग्रहात 'नेटवर्क-इन-नेटवर्क' आणि 'नेटवर्क-इन-यूजेबल' असे आणखी दोन फिल्टर आहेत आणि त्यांच्याबाबत एक खबरदारी घ्यावी लागते. चाचणीत आधी पत्ता आणि मग नेटवर्क असा क्रम असतो, तर या फिल्टरांत आधी नेटवर्क आणि मग पत्ता. क्रम उलटा झाला तरी त्रुटी येईलच याची खात्री नसते. बहुतेक वेळा उत्तर मुकाट्याने 'नाही' येते. दुसरा फिल्टर नेटवर्कचा पहिला पत्ता आणि शेवटचा ब्रॉडकास्ट (नेटवर्कमधल्या सर्वांना एकदम संदेश पाठवण्याचा) पत्ता वगळून उत्तर देतो, जे एखाद्या यंत्राला नवा पत्ता देताना उपयोगी पडते. पण निव्वळ सदस्यत्व तपासताना ते नको असते. आणखी एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. फिल्टर आणि चाचण्या ज्या यंत्रावरून अ‍ॅन्सिबल चालवले जाते त्या नियंत्रक यंत्रावर चालतात. म्हणून आयपी-अ‍ॅडरला लागणारी नेट-अ‍ॅडर ही पायथन लायब्ररी तिथे हवी, दूरच्या सर्व्हरांवर ती बसवून काहीही साध्य होत नाही.

साधन निवडून झाले तरी कोणता पत्ता तपासायचा हा प्रश्न उरतोच, आणि प्रत्यक्षातल्या बहुतेक चुका मला इथेच होताना दिसतात. अ‍ॅन्सिबल प्रत्येक यंत्राची माहिती गोळा करते तेव्हा त्या यंत्राच्या सर्व पत्त्यांची एक यादी मिळते आणि शिवाय डीफॉल्ट मार्गाशी (वेगळा मार्ग ठरलेला नसेल तेव्हा वाहतूक जिथून जाते त्याच्याशी) जोडलेला एक पत्ता वेगळा मिळतो. 'यादीतला कोणताही पत्ता अंतर्गत पट्ट्यात असेल तर यंत्र अंतर्गत' असा नियम लिहिला की तो सुरुवातीला व्यवस्थित चालतो, आणि मग एखाद्या दिवशी कोणीतरी इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) बसवतो. डॉकर आपल्या मूळ ब्रिजसाठी, म्हणजे त्या कप्प्यांना जोडणाऱ्या यंत्रातल्याच आभासी नेटवर्कसाठी, सहसा १७२.१७.०.०/१६ हा पट्टा घेतो आणि यंत्राला १७२.१७.०.१ हा पत्ता देतो. पुढची नेटवर्के बहुधा १७२.१८ पासून मांडली जातात. हे सगळे आरएफसी १९१८ च्या मधल्या पट्ट्यात बसते. गणिताच्या दृष्टीने उत्तर अचूक असते, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो, कारण तो पत्ता त्या यंत्राच्या पोटातच राहतो आणि यंत्र कोणत्या नेटवर्कला जोडलेले आहे याबद्दल तो काहीच सांगत नाही. अशा ठिकाणी डीफॉल्ट मार्गाचा पत्ता घ्यावा, किंवा तपासणीच्या यादीत संपूर्ण खासगी पट्टे न लिहिता आपण प्रत्यक्ष वापरतो तीच नेटवर्के लिहावीत. दुसरा मार्ग अधिक कष्टाचा आहे, पण नेटवर्कांचे नकाशे जिथे नीट ठेवलेले असतात तिथे तोच पसंत करावा.

वेब विनंत्यांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. सर्व्हरपुढे प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या पुढे पोहोचवणारा मध्यस्थ सर्व्हर, असेल तर जोडणी प्रॉक्सीच्या पत्त्यावरून आलेली दिसते आणि मूळ पत्ता एका हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या एका ओळीत, लिहिलेला असतो. हेडर कोणीही हवे तसे लिहू शकतो, म्हणून जोडणीचा प्रत्यक्ष पत्ता आपल्या ओळखीच्या प्रॉक्सींच्या नेटवर्कमध्ये आहे हे आधी तपासल्याशिवाय त्यातल्या मजकुरावर विश्वास ठेवू नये. म्हणजे एका विनंतीसाठी सदस्यत्वाची तपासणी दोनदा करावी लागते, आणि दोन्ही वेळा यादी वेगळी असते.

पत्ता चुकीच्या रूपात आला तर काय होते, हेही माहीत असावे. काही जुन्या प्रणालींमध्ये शून्याने सुरू होणारा तुकडा अष्टमान पद्धतीतला मानला जातो. त्यामुळे ०१०.०.०.१ हा पत्ता एका प्रोग्रामला १०.०.०.१ वाटतो आणि दुसऱ्याला ८.०.०.१. तपासणी करणारा प्रोग्राम एक अर्थ लावतो आणि जोडणी करणारा दुसरा, अशी फट पडली की हल्लेखोराला तेवढी पुरते. पायथनच्या अंगभूत आयपी-अ‍ॅड्रेस मॉड्यूलने काही आवृत्त्यांमध्ये असे पुढचे शून्य दुर्लक्षित करून पत्ता स्वीकारला होता. २०२१ मध्ये ही सुरक्षेतील त्रुटी म्हणून नोंदवली गेली आणि ३.९.५ पासून असा पत्ता सरळ नाकारला जातो. संशयास्पद पत्ता दुरुस्त करून घेण्यापेक्षा नाकारणे हे धोरण सर्वत्र असावे असे मला वाटते.

सहाव्या आवृत्तीचे पत्ते १२८ बिटांचे असतात आणि तपासणीचे गणित तेच राहते. मात्र जुना चौथ्या आवृत्तीचा पत्ता नव्या रूपात गुंडाळून लिहिण्याची एक सोय आहे: पहिले ८० बिट शून्य, पुढचे १६ बिट एक आणि शेवटच्या ३२ बिटांत जुना पत्ता. दोन्ही आवृत्त्यांच्या जोडण्या एकाच ठिकाणी स्वीकारणारे सर्व्हर नोंदींमध्ये पत्ता अनेकदा याच रूपात लिहितात. पायथनमध्ये असा पत्ता १०.०.०.०/८ मध्ये आहे का असे विचारले, तर दोघांच्या आवृत्त्या वेगळ्या असल्याने उत्तर 'नाही' असे येते आणि त्रुटी मात्र येत नाही. परवानगीच्या यादीत हे त्रासदायक ठरते. बंदीच्या यादीत ते धोकादायक ठरते, कारण बंदी घातलेला पत्ता वेष बदलून आत येतो. म्हणून तपासण्यापूर्वी गुंडाळलेला पत्ता सोडवून मूळ रूपात आणणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी त्या मॉड्यूलमध्ये सोय आहे.

नेटवर्कांच्या यादीतही दोष असू शकतात. १०.१.२.५/२४ अशी नोंद अनेक जण करतात; त्यात पहिल्या २४ बिटांनंतरचे बिट शून्य नसल्याने ते काटेकोर अर्थाने नेटवर्क नसते. पायथनचे मॉड्यूल अशा नोंदीवर त्रुटी देते आणि सैलपणे वाचायला सांगितले तरच ती १०.१.२.०/२४ अशी समजून घेते. अ‍ॅन्सिबलची इन-नेटवर्क चाचणी मात्र आतली त्रुटी गिळून 'नाही' असे उत्तर देते. परिणामी यादीतला एक चुकीचा आकडा आणि खरोखर बाहेरचा पत्ता या दोन अगदी वेगळ्या परिस्थिती प्लेबुकला सारख्याच दिसतात. यासाठी प्लेबुकच्या सुरुवातीलाच असर्ट (अट खरी नसेल तर काम थांबवणारे) मॉड्यूल वापरून प्रत्येक नोंद वैध आहे आणि यादी रिकामी नाही हे तपासून घ्यावे. रिकाम्या यादीची भीती काल्पनिक नाही. यादी बाहेरच्या सेवेकडून आणली जात असेल आणि एखाद्या दिवशी उत्तर रिकामे आले, तर 'कोणत्याही नेटवर्कमध्ये नाही' ही अट जगातल्या प्रत्येक पत्त्याला खरी ठरते. ती अट बंदी घालण्यासाठी लिहिलेली असेल तर सगळेच बाहेर राहतात, परवानगी देण्यासाठी लिहिलेली असेल तर सगळेच आत येतात.

कधी कधी आपल्याकडे नेटवर्क नसते, 'शंभरपासून दोनशेपर्यंत' असा पट्टा असतो. असा पट्टा क्वचितच एका नेटवर्कमध्ये बसतो. १०.०.०.१०० ते १०.०.०.२०० एवढाच भाग अचूक लिहायचा तर १००/३०, १०४/२९, ११२/२८, १२८/२६, १९२/२९ आणि २००/३२ असे सहा तुकडे करावे लागतात (प्रत्येकाच्या आधी १०.०.०. हे गृहीत आहे). घाईत कोणी पूर्ण /२४ लिहून मोकळे होते आणि उरलेल्या दीडशेहून अधिक पत्त्यांनाही परवानगी मिळते. हे तुकडे हाताने पाडू नयेत. पायथनच्या मॉड्यूलमध्ये त्यासाठीचे फंक्शन आहे.

नेटवर्के एकमेकांत गुंतलेली असतील तर 'हो किंवा नाही' हा प्रश्नच अपुरा पडतो. मुख्य कार्यालयाला १०.२०.०.०/१६ आणि त्यातच चाचणी विभागाला १०.२०.३०.०/२४ दिलेले असेल, तर १०.२०.३०.७ हा पत्ता दोन्हींत मोडतो. राउटर अशा वेळी सर्वांत लांब उपसर्ग असलेली नोंद निवडतात, आणि ऑटोमेशननेही तेच करावे: जुळणाऱ्या नोंदी गोळा कराव्यात आणि त्यांपैकी तिरप्या रेघेनंतरचा आकडा सर्वांत मोठा असलेली घ्यावी. 'पहिली जुळलेली नोंद घ्या' हा सोपा नियम नोंदींच्या क्रमावर अवलंबून राहतो, आणि तो क्रम कोणी कधी बदलेल सांगता येत नाही.

'खासगी पत्ता' ही संकल्पनाही वाटते तितकी सरळ नाही. मोबाइल आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवता यावे म्हणून २०१२ मध्ये १००.६४.०.०/१० हा पट्टा राखून ठेवला गेला. पायथनला या पट्ट्यातला पत्ता खासगी आहे का विचारले तर 'नाही' असे उत्तर मिळते, आणि तो सार्वजनिक आहे का विचारले तरीही 'नाही'. त्याचप्रमाणे १६९.२५४.०.० पासून सुरू होणारा /१६ पट्टा केवळ त्याच तारेवरच्या संवादासाठी आहे, आणि अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर यंत्राची अंतर्गत माहिती मिळते. वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यावर आपला सर्व्हर विनंती पाठवणार असेल, तर 'खासगी नाही म्हणजे सुरक्षित' असा तर्क करू नये.

यादी काही डझन नोंदींची असेल तोवर वेगाचा विचार करावा लागत नाही. ती हजारोंच्या घरात गेली की प्लेबुकमध्ये एकेक नोंद फिरवत बसणे फार संथ होते. अशा वेळी एक छोटा पायथन प्लगइन लिहावा, किंवा प्रश्न फायरवॉलचाच असेल तर संपूर्ण यादी लिनक्स कर्नलच्या आयपीसेट किंवा एनएफटेबल्सच्या संचात भरावी.

राहता राहिली या नियमांची चाचणी. नेटवर्कच्या मध्यभागचा एखादा पत्ता घेऊन 'चालते' असे म्हणणे निरुपयोगी आहे, कारण मजकूर पाहणारा जुना चुकीचा नियमही तिथे बरोबर उत्तर देतो. प्रत्येक नेटवर्कसाठी पहिला आणि शेवटचा पत्ता, आणि त्या दोघांच्या अगदी बाहेरचे शेजारी असे चार पत्ते तपासावेत. १७२.१६.०.०/१२ साठी ते १७२.१५.२५५.२५५, १७२.१६.०.०, १७२.३१.२५५.२५५ आणि १७२.३२.०.० हे आहेत, आणि उत्तरे अनुक्रमे नाही, हो, हो, नाही अशी यायला हवीत. त्यांत पुढे शून्य असलेला एक पत्ता, गुंडाळलेल्या रूपातला एक पत्ता आणि एक रिकामी यादी यांची भर घालावी, आणि या चाचण्या नेटवर्कांची यादी जिथे ठेवली आहे त्याच रिपॉझिटरीत (फायली आणि त्यांतले बदल सांभाळणाऱ्या साठ्यात) ठेवाव्यात, म्हणजे यादीत बदल करणाऱ्याला त्या आपोआप चालवाव्या लागतील.